काळी बाही, आठवडा 19: तेल फिरवलं आणि सगळं बुडालं

मंगळवारी रात्री साडेदहाला बाहीवर तेल फिरवलं आणि पाच मिनिटांत बाही नाहीशी झाली. (नव्यानं वाचणाऱ्यांसाठी: आपण सगळे जुन्या चित्रांच्या नकला करतोय, आणि माझी सध्याची नक्कल म्हणजे सतराव्या शतकातला डच चित्रकार फ्रान्स हाल्स याच्या एका चित्रातली काळ्या कपड्यातली, पंखा धरून बसलेली बाई.)

मागच्या नोंदीत मी लिहिलं होतं की बाही जवळजवळ झाली, आता पंख्यावरची बोटं तेवढी राहिली. ते वाक्य मागे घेते. पाच घड्यांपैकी एकही आज कॅनव्हासवर नाही. बुधवारी सकाळी पॅलेट नाइफनं खरवडून काढल्या.

नेमकं झालं काय, ते सविस्तर सांगते, कारण तुमच्यापैकी दोघीतिघी आत्ता काळे कपडे रंगवताय. आयव्हरी ब्लॅक, म्हणजे माझा काळा तैलरंग, जागोजागी बसायला लागलाय (तेल खाली शोषलं जाऊन कोरडा, फिका दिसायला लागलाय), हे मला पंधराव्या आठवड्यापासून दिसत होतं. कोपराजवळ ओली चकाकी, दंडावर पाटीसारखा कोरडा राखाडी. दर बैठकीच्या आधी तेलाचा हात फिरवून रंग वर आणायचा आणि मगच पुढं जायचं, हा नियम आपल्याला सगळ्यांना पाठ आहे. मी तो पाळला नाही. एकदाच शेवटी करू म्हटलं. त्यामुळं जिथं रंग बसला होता तिथं तो मला उजळ दिसत राहिला आणि मी तिथं काळा वाढवत गेले. दर वेळी मूळ चित्राच्या प्रिंटशी ताडून पाहत होते आणि दर वेळी जुळतही होतं! मंगळवारी जवसाच्या तेलात भिजवलेला फडका फिरवला तेव्हा बसलेला सगळा रंग एकदम खऱ्या गडदपणाला आला. मधला टोन समजून लावलेला काळा विहिरीच्या तळाइतका खोल निघाला. आणि पांढरा घालून केलेले दोन राखाडी उजाळे तेवढे वर तरंगत राहिले, पाटीवर खडूनं ओढलेल्या रेघांसारखे.

दोष कॅनव्हासचाही आहे. हा तयार कॅनव्हास ऑनलाइन मागवला होता, वर 'तैलरंगासाठी खास' असं छापलेलं. अॅक्रिलिक प्राइमर, म्हणजे रंगाखालचं अस्तर, इतका तहानलेला की फटकारा ओढेपर्यंत तेल पिऊन टाकतो. आयव्हरी ब्लॅकला मुळात तेल जास्त लागतं, ते खाली शोषलं गेलं की वर नुसती रंगाची पूड उरते आणि पूड प्रकाश विखुरते. म्हणून काळा राखाडी दिसतो. त्यात मी टर्पेंटाइन सढळ हातानं वापरलं होतं. यापुढं काळ्या कपड्यांसाठी तेलाचा प्राइमर असलेलं लिननच. महाग पडतं, पण तीन आठवड्यांची किंमत त्याहून जास्त आहे.

एक गोष्ट मात्र वाचली: मनगटावरची पांढरी झालर. ती डिसेंबरात झाली होती, लेड व्हाइटमध्ये (शिशाच्या पांढऱ्यात), चार फटकाऱ्यांत. चारच. तिसरा फटकारा ओढताना कुंचल्यातला रंग संपत आला आणि कडेला आपोआप तुटक, कोरडी रेघ उमटली. दोन पावलं मागं गेलं की तिथं कडक इस्त्रीच्या कापडाची कड दिसते. टायटॅनियम व्हाइटनं हे मला कधीच जमलं नव्हतं, तो लोण्यासारखा पसरतो. लेड व्हाइटला तार सुटते, ओढला की ओढल्याची खूण तशीच राहते. 'शिसं नसलेला फ्लेक व्हाइट' म्हणून जे विकतात त्याच्या दोन ट्यूबा मी संपवल्यात. त्याला रंग आहे, तार नाही. शिसं वापरायचं तर हातमोजे घालायचे आणि सुकल्यावर पॉलिश पेपर अजिबात चालवायचा नाही. म्हणूनच बाही घासून न काढता फक्त खरवडली. झालरीची धूळ मला घरात नको आहे.

गुरुवारी अर्धा दिवस रजा टाकून टाफ्ट म्युझियमला गेले. अमेरिकेतल्या सिनसिनाटीत राहण्याचं हे भाग्य आहे की पाइक स्ट्रीटवरच्या त्या एका जुन्या पांढऱ्या घरात फ्रान्स हाल्सची तीन व्यक्तिचित्रं आहेत, रेम्ब्रांटचं खुर्चीतून उठणाऱ्या माणसाचं 1633 चं चित्र आहे, अमेरिकन चित्रकार ड्यूव्हेनेकचा 1877 चा, मोच्याकडं काम शिकणारा पोर आहे आणि सार्जंट या दुसऱ्या अमेरिकन चित्रकारानं 1887 साली वेताच्या खुर्चीत बसवून रंगवलेला लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनही आहे. टाफ्ट पतिपत्नींचं हे राहतं घर, 1932 पासून संग्रहालय. हाल्स ते सार्जंट हे अंतर तिथं चालत दोन मिनिटांचं आहे. आपला हा सगळा खटाटोप ज्या प्रश्नातून सुरू झाला, म्हणजे डच माणसाचा फटकारा अमेरिकन हातात कसा आला, त्याचं उत्तर शोधायला याहून चांगलं घर मला माहीत नाही.

माझी बाई म्हणजे पंखा धरून बसलेली ती स्त्री, साधारण 1648 ते 1650 मधली. हाल्स तेव्हा पासष्टीच्या आसपास होता. मी रंगवतेय ते कोपरापासून पंख्यापर्यंतचा तुकडाच, मूळ मापात. आतापर्यंत तिला मी नेहमी समोरून पाहिलं. गुरुवारी पहिल्यांदा भिंतीला जवळजवळ गाल लावून कडेनं पाहिलं, म्हणजे प्रकाश रंगावरून तिरपा घसरत येतो तसं. पहारेकरी दोनदा चक्कर मारून गेला, पण मी अंतर ठेवून होते, त्यानं काही म्हटलं नाही.

कडेनं जे दिसलं ते वहीत असं लिहिलंय: 'सगळ्यात काळा सगळ्यात वर.'

खाली एक करडी तपकिरी छटा, तिच्यावर पातळ काळा, आणि घडीचा खोलगट भाग दाखवायला त्या काळ्यावर आणखी काळ्याचे जाड, झपाट्यात ओढलेले फटकारे. घडीचा उंचवटा म्हणजे जिथं त्यानं काही केलंच नाही ती जागा. मी बरोबर उलट करत होते. सगळी बाही आधी खोल काळी करायची आणि मग तिच्यावर पांढरा मिसळलेले उजाळे चढवायचे. पांढरा मिसळला की काळा मेलाच, त्याचा राखाडी निळसर, पिठूळ होतो.

व्हॅन गॉगनं 1885 साली भावाला लिहिलं होतं की हाल्सकडं सत्तावीस काळे आहेत. हे वाक्य आपण सगळे एकमेकांना ऐकवतो. मी आजवर ते कौतुकाचं बोलणं समजत होते. गुरुवारी खरंच मोजायला बसले, पेन्सिलनं वहीत चौकोन काढून. सात सापडले आणि आठव्यापाशी डोळे भरून आले, म्हणजे शब्दशः, टक लावून पाणी आलं. पण सात आहेत. माझ्या बाहीत एक होता.

तिथून ड्यूव्हेनेकच्या पोरापुढं गेले आणि तिथं दुसरा उलगडा झाला. माझी चूक माझी एकटीची नव्हे, ती म्युनिकमार्गे आली आहे.

थोडं मागं जाते. हाल्स 1666 साली हार्लेम या डच गावात वारला आणि पुढं दोनशे वर्षं त्याचं काम घिसाडघाईचं म्हणून बाजूला पडलं. 1860 च्या दशकात वारं फिरलं. हार्लेमच्या नगरभवनात 1862 साली संग्रहालय उघडलं, तोरे-बुर्गर या फ्रेंच समीक्षकानं हाल्सचा डंका पिटला, आणि 1865 साली पॅरिसच्या लिलावात ज्याला आज आपण हसरा सरदार म्हणतो ते हाल्सचं चित्र 51,000 फ्रँकला गेलं. 1869 साली म्युनिकच्या प्रदर्शनात हाल्सचं 'मल्ले बाब्बे' मांडलेलं होतं, तिथंच फ्रेंच चित्रकार कूर्बेनं त्याची नक्कल केली. आणि पुढच्याच वर्षी, 1870 मध्ये, ओहायो नदीपलीकडच्या कव्हिंग्टनमधला एक जर्मन कुटुंबातला एकवीस वर्षांचा पोरगा म्युनिकच्या अकादमीत दाखल झाला. तो फ्रँक ड्यूव्हेनेक. हाल्सच्या नावानं जिथं सगळ्यांच्या अंगात आलं होतं, अशा गावात तो पोचला. दोन वर्षांत त्यानं 'शीळ घालणारा मुलगा' रंगवला, जो आज आमच्या सिनसिनाटी आर्ट म्युझियममध्ये आहे.

पण म्युनिकमध्ये हाल्स शिकवला जायचा तो काळोखातून. कॅनव्हासवर आधी गडद तपकिरी रस्सा ओतायचा आणि त्यातून प्रकाश ओला ओलाच बाहेर काढायचा, जाड, गर्द, एका दमात. त्यात कित्येकजण बिट्युमेन, म्हणजे डांबरासारखा तपकिरी रंग, वापरायचे. तो नीट वाळत नाही, त्याला मगरीच्या पाठीसारख्या भेगा पडतात आणि तो आणखी काळवंडतो. ड्यूव्हेनेकच्या पोराचा चेहरा आणि हात पाहावेत, काय ताकद आहे! गालावरचा एकेक फटकारा वीट बसवावी तसा बसवलाय. पण कपड्याच्या सावलीत मला रंग सापडत नाही, तिथं नुसता अंधार आहे. त्यानं हाल्सचा आत्मविश्वास उचलला, हाल्सचा काळा उचलला नाही, असं माझं मत आहे. आणि दुसरं म्हणजे 'एका दमात' ही समजूत. हाल्सच्या चित्रांचा प्रयोगशाळेत अभ्यास झाला तेव्हा त्याच्या कितीतरी चित्रांत खाली वाळलेला थर आढळला. आधी छायाप्रकाश मांडून ठेवायचा, तो वाळू द्यायचा, आणि मग वरून तो झपाटा. घाई दिसते ती फक्त शेवटच्या थरात. एकोणिसाव्या शतकानं वरचा थर पाहिला आणि पद्धत तीच असणार असं धरलं. मीही तेच धरून गेले एकोणीस आठवडे ओल्यावर ओलं चढवत होते.

काळा मात्र मरू दिला नाही, याचं श्रेय या अमेरिकन मंडळींना द्यायलाच हवं. पॅरिसमध्ये पॅलेटवरून काळ्याची हकालपट्टी चालली होती त्याच वर्षांत सार्जंट 1880 साली हार्लेमला गेला आणि वृद्धाश्रमाच्या विश्वस्त बायकांच्या चित्रातले तुकडे त्यानं बसून नकलले. ते हाल्सचं ऐंशी ओलांडल्यावरचं काम, 1664 च्या सुमाराचं. पुढं एका विद्यार्थिनीला त्यानं सल्ला दिला तो हाच, की आधी हाल्स, हाल्समधून जे घेण्यासारखं आहे ते सगळं घेऊन झालं की मग माद्रिदला वेलास्केझच्या चित्रांकडं जा. विल्यम मेरिट चेस हा चित्रकार म्युनिकला ड्यूव्हेनेकचा सोबती होता, त्यानं 1903 साली आपला अख्खा उन्हाळी वर्ग हार्लेमला नेला. आणि 1907 साली रॉबर्ट हेन्राय या चित्रकारानं नेला. (नाव हेन्रीसारखं लिहितात, पण तो स्वतः हेन्राय म्हणायचा, आणि जन्म आमच्या सिनसिनाटीचा, 1865 चा.) हार्लेमच्या त्या उन्हाळ्यात हेन्रायनं जी हसरी डच पोरगी रंगवली, ती आज न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात आहे. तीच आपली तिसरी नक्कल ठरली होती. 'होती' का लिहिलं ते पुढं येईल.

या सगळ्यांत काळा कुणाला समजला, असं विचाराल तर मी सार्जंटचं नाव घेईन. स्टीव्हन्सनच्या त्या छोट्याशा चित्रातसुद्धा गडद कपड्याला हवा लागते.

शनिवारी पुन्हा सुरुवात केली. मोठ्या कॅनव्हासला हात लावला नाही. तेलाचा प्राइमर असलेल्या लिननचा वीतभर तुकडा बोर्डावर डकवला, त्यावर उबदार करडा टोन आधीच वाळवून ठेवला होता. पॅलेटवर तीन ढीग: नुसता आयव्हरी ब्लॅक, तपकिरी बर्न्ट अंबर घातलेला, आणि निळा अल्ट्रामरीन घातलेला. पांढरा पॅलेटवर ठेवलाच नाही, म्हणजे हात तिकडं जाणार नाही. अंबरचा आणखी एक फायदा आहे. त्यातल्या मँगनीजमुळं आयव्हरी ब्लॅक लवकर वाळतो, नाहीतर तो दहा दहा दिवस ओला राहतो आणि त्यावर भरभर वाळणारा थर चढवला की तडे जातात.

घडी सपाटच राहिली. कडा होती, वळण नव्हतं.

आई सध्या इकडं आलीये, सांगलीहून. ती शेजारी भाजी निवडत बसली होती. म्हणाली, "अगं, किती वेळ एकाच काळ्याकडं बघतेस? दिसतंय काय त्यात?" मी म्हटलं, तेच तर, काहीच दिसत नाहीये. ती उठली आणि बॅगेतून चंद्रकळा घेऊन आली. संक्रांतीला नेसली होती तीच, तिच्या आईची. खिडकीपाशी नेऊन पदर हातावर टाकला. "ही काळी आहे ना? मग बघ."

उभा धागा काळा, आडवा गर्द निळा. सपाट धरली की काळी. हाताच्या कडेवरून घडी वळली, की वळणावर निळसर झाक येते आणि घडीच्या पोटात, जिथं तिच्या हाताचा रंग परतून पडतो, तिथं काळा तांबूस होतो. उजळ काहीच झालं नव्हतं. उबदार आणि थंड एवढंच बदललं होतं. आई पदर हलवत राहिली आणि मी वहीत बाण काढत राहिले.

खिडकी उत्तरेची, प्रकाश थंड. म्हणून उंचवट्याला थंड काळा, पोटात उबदार काळा, आणि मधली चीर सगळ्यात शेवटी, नुसत्या जाड आयव्हरी ब्लॅकनं. तासाभरात त्या वीतभर तुकड्यावर घडी वळली. खरंच वळली. पांढऱ्याचा कणही न घालता. आई लांबून म्हणाली, "आता कापड दिसतंय." एकोणीस आठवड्यांत एवढा आनंद मला झालरीचाही झाला नव्हता.

रविवारी उन्हात पाहिलं तेव्हा अल्ट्रामरीन जरा बोलायला लागलं होतं, घडी जांभळी वाटत होती. त्याऐवजी लॅम्प ब्लॅक घेतला. तो मुळातच थंड असतो, विशेषतः पातळ लावला की. आणि लॅम्प ब्लॅक म्हणजे अखेर दिव्याची काजळीच. आईला ट्यूब दाखवून सांगितलं तर म्हणाली, आमच्याकडं एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची पळी उलटी धरून काजळ पाडायचे, ते हाताला लागलं तर आठवडाभर निघायचं नाही. लॅम्प ब्लॅकचंही तसंच आहे, अगदी कणभर पुरतो, हात सैल सोडला तर सगळं पॅलेट खाऊन टाकतो. त्याला मी वेगळा कुंचला ठेवलाय, जुना आठ नंबरचा हॉग फिल्बर्ट (डुकराच्या राठ केसांचा, गोलसर टोकाचा), केस झिजून आखूड झालेला. नव्या महागड्या सिंथेटिकपेक्षा हाच बरा. काळ्या रंगाला ढकलावं लागतं, आणि सिंथेटिकचं टोक ढकलताना वाकतं.

आता बेत बदलतेय. हेन्रायची हसरी पोरगी मार्चमध्ये सुरू करायची होती. ती पुढं ढकलली. व्हिटनीतली पोरगी कुठं जात नाही, आई मात्र 20 एप्रिलला परत चाललीये. तोवर चंद्रकळेतली आई रंगवायची, कमरेपर्यंत, बसलेली, हाल्सच्या बाईच्याच मापाच्या चौकटीत. नकलेतून शिकलेलं जिवंत माणसावर लावून पाहायची वेळ कधीतरी येणारच होती. हेन्रायनंही हार्लेममध्ये हाल्स पाहिला आणि मग गल्लीतली पोरं बोलावून समोर बसवली.

हे लिहिता लिहिता आणखी एक सुचलंय. हाल्सची ती बाई एकटी नाहीये, टोपी धरून बसलेल्या पुरुषाचं चित्र तिचं जोडचित्र आहे. अशा जोडीत नवरा पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला, बायको उजव्या, दोघं एकमेकांकडं किंचित वळलेली आणि प्रकाश दोघांवर एकाच बाजूनं. बाबा डिसेंबरात येणार आहेत. म्हणजे आईला आत्ताच अशी बसवायला हवी की तिच्या उजवीकडं, म्हणजे चित्र पाहणाऱ्याच्या डावीकडं, बाबांची जागा धरलेली असेल. मी खुर्ची उलट्या बाजूला लावली होती, ती आत्ता जाऊन फिरवून आले. खिडकी आता बरोबर डावीकडं येते. लिननही एका गुंडाळीतूनच दोन तुकडे कापून घेणार, नाहीतर डिसेंबरात विणीचा फरक दिसेल. दोन्हीवर एकाच दिवशी एकाच ढिगातला टोन चढवून बाबांचा तुकडा भिंतीकडं तोंड करून वाळत ठेवेन.

पहिला थर फक्त अंबरमध्ये: छायाप्रकाश मांडायचा, वाळू द्यायचा, निदान आठवडाभर त्याला हात लावायचा नाही. सहा आठवडे हातात आहेत, त्यातला एक असा मुद्दाम रिकामा सोडायचा म्हणजे जिवावर येतंय, पण सोडणार. बाहीची मोठी नक्कल तोवर तशीच खरवडलेली राहील. झालर आहे तिच्यावर, ती दिसत राहिलेली मला चालेल.

आईची एकच अट आहे, पंखा हातात नको. हात मांडीवर, पाटल्या दिसल्या पाहिजेत. काळ्यावर सोनं कसं बसवायचं, याचा मी अजून विचारच केलेला नाही. लेड-टिन यलो (शिसं आणि कथलाचा पिवळा) कुणी वापरलाय का? माझ्याकडं ट्यूब आहे, उघडलेली नाही. उद्या सकाळी साडेनऊला पहिली बैठक. तिनं चंद्रकळा आत्ताच खुर्चीच्या पाठीवर टाकून ठेवलीये आणि दिव्याच्या पिवळ्या उजेडात ती पुन्हा तिसऱ्याच काळ्याची दिसतेय.